येशू मानतात, मग ख्रिस्ती का होत नाहीत?

(वाचकांचे प्रश्न)

ईस्टरच्या अंकानंतर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी आधी माझ्याविषयी थोडं सांगते. मी वसईच्या ख्रिस्ती घरात वाढले, लग्न होऊन ठाण्याला आले, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आजही दर रविवारी मासुंदा तलावाजवळच्या चर्चमध्ये मिस्साला जाते. ज्या श्रद्धेवर माझं आयुष्य उभं आहे, ती दुसऱ्या एखाद्या चांगल्या, विचारी माणसाने का घेतली नाही, हे मला मनापासून समजून घ्यायचं असतं. उत्तरं त्या नजरेने वाचावीत.

प्रश्न : मी वाशीला राहते, कॅथलिक आहे. आमच्या मजल्यावरच्या एक काकू कित्येक वर्षं दर बुधवारी माझ्याबरोबर माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला येतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला जाऊन मेणबत्ती वाहतात. घरी मराठी बायबल आहे, त्यात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा आहेत. पण बाप्तिस्म्याचा विषय काढला की ‘बघू गं’ म्हणून उठतात. आमच्या प्रार्थनागटातल्या बायका म्हणतात, त्यांचं मन कठीण आहे, सैतान अडवतो. मला ते पटत नाही. खरं कारण काय असेल? आणि त्यांना समजवावं कसं? (एक वाचक, वाशी)

उत्तर : ताई, तुम्हाला ते पटत नाही हे फार बरं आहे. वडाळ्याला गाडी बदलून, बुधवारच्या त्या गर्दीत ताटकळत उभं राहून नोव्हेना करणाऱ्या बाईचं मन कठीण म्हणायला जीभ कशी रेटते, मला कळत नाही.

‘समजवावं कसं’ हे तूर्त बाजूला ठेवा. काय अडतं, हे तुम्ही काकूंना कधी विचारलंय का? विचारायचं आणि गप्प बसायचं. मध्येच वचनं सांगायची नाहीत. मी अनेकांना असं विचारत आले आहे. येशू खोटा आहे असं मला जवळजवळ कुणीच सांगितलेलं नाही.

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. नाताळात त्या माझ्याकडे यायच्या, नवरात्रात मी त्यांच्याकडे. येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांना जवळपास पाठ होतं. एकदा दसऱ्याआधी गेले तर त्या देवघरातले टाक चिंचेने घासत बसल्या होत्या. त्या दिवशी मी विचारलं. त्यांनी एक टाक पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पातळ पत्रा. त्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्याने घोड्याचं तोंड गुळगुळीत झालेलं, खंडोबाचे डोळे तर गेलेलेच. ‘हा माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंनी घासलाय,’ त्या म्हणाल्या. ‘बाप्तिस्मा घेतला तर कुणाच्या हातात देऊ? की मोडीत घालू?’ मग टाक परत घेताना म्हणाल्या, ‘आणि माझी आई येशूचं नाव न घेता गेली. तुमच्या हिशेबात ती आत्ता कुठे आहे?’

तुमच्या काकूंच्या ‘बघू गं’मागे असंच काही असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

आईचा हा प्रश्न जुना आहे. संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव गोव्यात आहे आणि जे आमच्या वसईलाही येऊन गेले, ते १५४९ मध्ये जपानला पोचले. १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांचं दुःख लिहून ठेवलं आहे. आपल्या मेलेल्या आईबापांना, मुलाबाळांना नरकातून सोडवायचा काही उपाय आहे का, असं ते लोक रडत विचारत. झेवियर सांगत, काही उपाय नाही. त्यांचं रडणं पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, असं तेच लिहितात. जपानी माणसाला सृष्टीचा कर्ता एक देव आहे हे पटत होतं, पाप आणि क्षमा पटत होती. पण आपल्या आजोबांना कायमचं आगीत सोडून स्वतः स्वर्गात जाणं त्याला जमत नव्हतं. मला तरी हा माणसाच्या मनाचा चांगुलपणा वाटतो.

झेवियर मनाचं सांगत नव्हते. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने जवळपास तेच लिहून ठेवलं होतं : चर्चच्या बाहेर राहिलेल्यांना सार्वकालिक अग्नी. पण आपल्याच चर्चने १९६४ मध्ये, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, वेगळ्या शब्दांत सांगितलं. ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असा त्याच परिषदेचा जाहीरनामा आला. हे तुमच्या गटातल्या किती जणींना ठाऊक आहे? काकूंना काही सांगायचंच असेल तर हे सांगा. त्यांच्या आईला तुमच्या चर्चने नरकात घातलेलं नाही, एवढं त्यांच्या कानावर पडू दे.

दुसरं कारण भक्तीच्या रीतीचं आहे. आपल्याकडच्या देव्हाऱ्यात देव वाढत जातात. माहेरचा देव असतो, सासरचा असतो, शिर्डीहून आणलेली तसबीर असते, त्या शेजारी माहीमहून आणलेलं चित्र येतं. भक्ताला त्यात अडचण वाटत नाही. अडचण आपल्या बाजूची आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ असं येशूचं वचन आहे, आणि ते आपण सोडू शकत नाही. गांधीजी नेमके इथेच थांबले. प्रिटोरियात १८९३ मध्ये त्यांच्या ख्रिस्ती मित्रांनी त्यांच्यासाठी खूप खटपट केली, प्रार्थनेला नेलं, पुस्तकं दिली. डोंगरावरचं प्रवचन तर त्यांच्या काळजाला आधीच भिडलेलं होतं. पण एकटा येशूच देवाचा पुत्र आणि त्याला मानील तोच तरेल, हे त्यांना पटेना. देवाला पुत्र असतील तर आपण सगळेच त्याचे पुत्र, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. त्याच मित्रांतल्या एकाने त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून ती तोडायला सांगितली होती. गांधीजींनी उत्तर दिलं की माळ आईने प्रेमाने घातली आहे, सबळ कारणाशिवाय काढणार नाही. पुढे ती झिजून आपोआप तुटली तर नवी घालायचा आग्रह नाही, असंही म्हणाले. गणिताच्या बाईंचा टाक आणि ही माळ माझ्या मनात नेहमी एकत्र येतात.

तिसरं कारण जिवंत माणसांचं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन मागे राहिल्या. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ती वर्षं आठवतात. तेव्हा त्यांच्यापुढे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा त्रैक्याचा सिद्धान्त नव्हता. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं, जेवायला कुणाच्या पंगतीत बसायचं, आपल्या माणसांनी दार लावून घेतलं तर जायचं कुठे, हे प्रश्न होते. त्या पुढे १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पावलांनी, स्वतःच्या वेळेला. आणि टिळकांनाही अखेरीला जाणवलं की मिशनच्या कुंपणाबाहेर ख्रिस्तावर प्रेम करणारी खूप माणसं आहेत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि ते काम पुढे फार चाललं नाही. मराठी ख्रिस्ती समाजाने ते सोडून दिलं याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या काकूंना तिथे हक्काने बसता आलं असतं.

इतिहासाचं ओझंही आहेच. आपल्या भागात अजून ‘विहिरीत पाव टाकून बाटवलं’ ही गोष्ट सांगतात. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं ते मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. ज्या धर्माबरोबर पाद्री, शिपाई आणि कायदा असे तिघे एकदम आले, त्याच्याकडे लोक सावधपणे बघणारच. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर, राजसत्ता गेल्यावरही आमचे पूर्वज ख्रिस्तीच राहिले, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू मला प्रिय आहे. पण ती सांगून पहिली बाजू पुसता येत नाही.

आता करायचं काय? बुधवारची गाडी चुकवू नका. बाप्तिस्म्याचं नाव तुम्ही काढू नका. काढायचं तर त्या काढतील. आणि गटातल्या कुणी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सैतान घालवायची प्रार्थना करायला निघालं, तर तुम्ही मध्ये उभ्या राहा.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, बौद्ध आहे. कंपनीतला एक सहकारी दर शुक्रवारी त्यांच्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनासभेला, बोलावतो. माणूस चांगला आहे. तो म्हणतो, बाबासाहेबांना समताच हवी होती तर ख्रिस्ती धर्मात ती होतीच, मग त्यांनी तो का घेतला नाही? मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही ख्रिस्ती असून काय सांगाल? (वाचक, ऐरोली)

उत्तर : तुमच्या सहकाऱ्याला सांगा की बाबासाहेबांनी हा विचार वरवर केलेला नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर केल्यापासून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेईपर्यंत एकवीस वर्षं गेली. या काळात सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे येऊन गेले, ख्रिस्ती बिशपही. बायबल त्यांनी वाचलेलं होतं आणि मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचं काम ते मानत होते.

मग नकार का? त्यांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर सविस्तर लिहून ठेवलं आहे, ते वाचताना आम्हा ख्रिस्ती लोकांची मान खाली जाते. दक्षिणेत चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, दफनभूमी वेगळ्या. धर्म बदलला तरी जात पाठोपाठ आत आली. दुसरं त्यांचं निरीक्षण मला अधिक खोल वाटतं. ख्रिस्ती उपदेशात माणसाच्या दुःखाचं मूळ पापात आहे; त्यामुळे नवा ख्रिस्ती क्षमा मागायला शिकतो, पण ज्या समाजरचनेने त्याला चिरडलं तिच्याशी लढायचं विसरतो. मी रोज पापनिवेदनाची प्रार्थना म्हणणारी बाई आहे, तरी हा आक्षेप मला खोटा म्हणता येत नाही.

आणखी एक. बाबासाहेबांना एकट्याला तरून जायचं नव्हतं. मिशनच्या कामात गावातली दोन घरं ख्रिस्ती व्हायची, आठ मागे राहायची, आणि त्या दहा घरांची ताकद फुटायची. नगरकडच्या गावांमध्ये, जिथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केलं, तिथे हे वाडेच्या वाडे सांगतील. दुष्काळात मिशनच्या आधाराने जगलेल्यांना ‘भाकरीसाठी बाटले’ म्हणून हिणवलं गेलं, त्या शब्दाने तीन-तीन पिढ्या भाजल्या. बाबासाहेबांनी निवडला तो रस्ता सगळ्यांना मिळून चालता येईल असा होता आणि याच मातीतला होता. परक्या देशातून आलेल्या धर्मात गेल्याने आपला समाज राष्ट्रापासून तुटेल, ही काळजी त्यांनी १९३६ मध्येच बोलून दाखवली होती. मे १९५६ मध्ये बीबीसीवर बोलताना त्यांनी प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वं बौद्ध धम्मात एकत्र मिळतात असं सांगितलं. प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धा आणि अलौकिकाच्या विरोधात उभी राहणारी समज, असं त्यांना म्हणायचं होतं. चमत्कार आणि पुनरुत्थान मानणाऱ्या धर्माशी हे जुळणार नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

महात्मा फुल्यांचंही असंच पाहा. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी स्नेह ठेवला, त्यांचं ऋण उघड मान्य केलं, पण १८७३ मध्ये काढला तो सत्यशोधक समाज.

आज यात कायद्याचीही गोष्ट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा, पंजाबातल्या मोजक्या शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये सगळे शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो अजून मिळत नाही. या प्रश्नावर केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. म्हणजे आज एखाद्या मातंग कुटुंबाला येशू कितीही जवळचा वाटला, तरी बाप्तिस्म्याच्या नोंदीबरोबर अनुसूचित जातीसाठी असलेली मुलीच्या शिक्षणाची सवलत जाते. आईबापाने मुलीकडे पाहून पाऊल मागे घेतलं तर त्याला श्रद्धेची कमतरता कोण म्हणणार?

शुक्रवारच्या फेलोशिपला जायचं की नाही, हे तुमच्या मनावर. न जाण्यासाठी कारण द्यायला तुम्ही बांधलेले नाही. तो माणूस चांगला आहे असं तुम्ही लिहिलंय, तर डबा एकत्र खात राहा.

प्रश्न : बाई, मी कळव्याचा, तुमचा विद्यार्थी. आता इंजिनिअरिंगला आहे. पाश्चात्त्य देशांत लोक ख्रिस्ती धर्म सोडतायत ते विज्ञानामुळेच ना? डार्विन आला तिथे बायबल संपलं, असं आमच्या हॉस्टेलवर सगळे म्हणतात. (माजी विद्यार्थी)

उत्तर : सोडतायत हे खरं आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२. अमेरिकेत प्यू या संस्थेच्या पाहणीत २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ६२.

पण डार्विनचं तू ऐकलंस त्यापेक्षा खरं काय घडलं ते वाच. तो केंब्रिजला शिकला तो पाद्री व्हायच्या तयारीने. श्रद्धा गेली ती हळूहळू, अनेक कारणांनी, आणि त्याच्या विज्ञानाचाही त्यात वाटा होताच. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी आजारपणात गेली, तो घाव मोठा होता. आत्मचरित्रात त्याने एक कारण फार तिखट शब्दांत लिहिलं आहे : बायबलचं म्हणणं सरळ घेतलं तर श्रद्धा नसलेल्यांना कायमची शिक्षा, आणि त्यात माझे वडील, माझा भाऊ आणि माझे जवळजवळ सगळे जिवलग मित्र येतात, ही शिकवण धिक्कारण्यासारखी आहे. त्याच्या बायकोला, एमाला, ते शब्द छापलेले नको होते. म्हणून १८८७ मध्ये आत्मचरित्र आलं त्यातून ते वगळले. नातीने १९५८ मध्ये पूर्ण मजकूर छापला तेव्हा ते जगापुढे आले.

वाशीच्या पत्राचं उत्तर वर आहे, ते पुन्हा वाच. देवघरातला टाक घासणारी बाई, जपानमधले ते रडणारे लोक आणि डार्विन, तिघांचं दुखणं किती जवळचं आहे बघ. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनेही ६ मार्च १९२७ ला लंडनमध्ये ‘मी ख्रिस्ती का नाही’ हे भाषण दिलं, तेव्हा देवाच्या अस्तित्वाचे युक्तिवाद तपासून झाल्यावर तो येशूच्या स्वभावाकडे वळला आणि म्हणाला की येशू नरक मानत होता, हा त्याच्या नीतीतला मोठा दोष. माझं रसेलशी पटत नाही. पण ज्या आक्षेपाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, तो हाच आहे.

बाकी विज्ञान म्हणशील तर अनुवंशशास्त्राचा पाया घालणारा मेंडेल मठात राहायचा, आणि विश्व प्रसरण पावतं असं १९२७ मध्ये मांडणारा लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. हॉस्टेलवर हेही सांग.

तिकडे पुष्कळ जण कुठल्याच युक्तिवादाने चर्चपासून दूर गेलेले नाहीत. आजी चर्चला जायची, आई फक्त नाताळात गेली, मुलं गेलीच नाहीत, इतकं साधं आहे. आणि काही जण संतापाने गेले. २००२ मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी केलेली लपवालपवी उघड केली, मग देशोदेशी तेच निघालं. ज्यांच्या मुलांना चर्चच्या आवारात ओरबाडलं गेलं, त्यांनी पुन्हा तिथे गुडघे का टेकावेत? याबद्दल ‘थोड्या लोकांमुळे सगळ्यांना नावं ठेवतात’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. लपवणारे थोडे नव्हते.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो, घरात वारकरी परंपरा आहे. मुलीचं एका कॅथलिक मुलाशी ठरतंय. मुलगा आम्हाला आवडला. नातेवाईक म्हणतात, आता हिला बाटावं लागणार. मुलगी म्हणते, मी धर्म बदलणार नाही. मुलाच्या आत्याने तिला विचारलं, ‘आमचा धर्म वाईट आहे का?’ तेव्हापासून ती गप्प आहे. तिने काय कारण सांगावं? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, आधी नातेवाइकांचं. कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायला मुलीने धर्म बदलण्याची गरज नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर मुलाला त्याच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे तो ज्या चर्चच्या हद्दीत येतो तिथल्या, फादरमार्फत बिशपांची परवानगी मागावी लागते. त्या वेळी तो आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व ख्रिस्ती वळण यासाठी आपल्याकडून होईल तेवढं करेल, असं वचन देतो. हे वचन तो देतो, तुमची मुलगी नाही. तिला फक्त त्याची कल्पना दिली जाते. लग्नाआधीच्या तयारीच्या वर्गाला दोघांनी बसायचं असतं, तिथे तिने मोकळेपणी प्रश्न विचारावेत.

चर्चमध्ये नको असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने दोघं आपापल्या धर्मात राहून नोंदणी करू शकतात. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. मात्र असं लग्न केल्यावर वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि एकत्र कुटुंबातलं तिचं स्थानही बदलतं. तुमच्या घरी वडिलोपार्जित जमीन असेल तर आधीच वकिलाला विचारून घ्या. लग्नाच्या गडबडीत हे राहून जातं.

आता आत्याचं. त्यांनी दुखावण्यासाठी विचारलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरांतही सून आपल्यात आली नाही तर आपल्यातच काही कमी असेल, अशी रुखरुख बायकांना लागते. तुमच्या मुलीने वाद घालू नये आणि गप्पही बसू नये. तिने आत्याला जवळ बसवून सांगावं की माझी आजी वारीला जायची, विठ्ठल माझ्या घरचा आहे, तो सोडायला माझ्याकडे कारण नाही. तुमच्याकडे सणाला येईन, तुमच्या आजोबांच्या कबरीवर फुलं ठेवायला येईन. एवढं पुरे. ‘नको वाटतं’ हेसुद्धा पूर्ण कारण आहे. धर्माच्या बाबतीत कुणावरही सक्ती होता कामा नये, असं व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. आत्या हट्टाला पेटल्या तर फादरांनाच हे सांगायला लावा.

एक गोष्ट मात्र टाळू नका : मुलांचा बाप्तिस्मा. त्याने दिलेलं वचन आणि तिच्या मनातलं घर, या दोन्हींचा मेळ बारशाच्या दिवशी घालता येत नाही. मी अशी दोन घरं जवळून पाहिली आहेत जिथे हा विषय ‘पुढचं पुढे’ म्हणून ठेवला आणि मग पाळण्याजवळ दोन आज्या समोरासमोर उभ्या राहिल्या. साखरपुड्याआधी दोघांनी एक संध्याकाळ फक्त यासाठी काढावी, मोठ्यांपैकी कुणी सोबत नको. काय ठरलं ते दोन्ही घरी त्यांनी स्वतः सांगावं, आणि मुलीचं म्हणणं मुलाने त्याच्या आत्यापर्यंत पोचवावं, तुम्ही नाही.